मुलांचा इन्फ्लुएंझा : पालकांनीं तो कसा ओळखावा

पावसाळ्याचा पहिला महिना लोटला, कीं वर्गांतील हजेरी विरळ होऊं लागते. हजेरीपत्रकांत एकामागून एक नांवांपुढें गैरहजेरीची खूण पडते, आणि चार-पांच दिवसांनीं मूल परत आलें म्हणजे त्याच्या हातीं पालकांची चिठ्ठी असते : 'ताप आल्यामुळें येऊं शकला नाहीं.' कोणता ताप, केव्हां चढला, किती दिवस राहिला, याचा चिठ्ठींत उल्लेख नसतो, आणि शाळेला त्याची जरुरीहि नसते. घरांत मात्र या प्रश्नांचीं उत्तरें कोणाला तरी ठाऊक असलीं पाहिजेत.

हल्लीं मुलाला काय झालें आहे असें विचारलें, तर 'व्हायरल आहे' असें उत्तर मिळतें. हा शब्द खोटा नाहीं; पण त्याचें पोट इतकें मोठें आहे, कीं त्यांत साधें पडसें, इन्फ्लुएंझा, डेंग्यू आणि कोविड असे सारेच मावतात, आणि म्हणून त्यापासून कांहींच बोध होत नाहीं. दुसऱ्या बाजूनें, दोन शिंका आल्या तरी 'फ्लू झाला' असें म्हणण्याचीहि चाल आहे. परिणाम असा होतो, कीं खरा इन्फ्लुएंझा घरांत येतो तेव्हां त्याची गणना नेहमींच्या सर्दीखोकल्यांतच केली जाते. आम्ही वैद्य नाहीं, शिक्षक आहों. रोगाचा निर्णय करणें हें डॉक्टरांचें काम. परंतु मूल आजारी पडतें तें घरांत, दवाखान्यांत नव्हे. पहिले दोन दिवस त्याला पाहणारे डोळे आईबापांचेच असतात. त्या डोळ्यांनीं काय पाहावें, एवढेंच येथें मांडावयाचें आहे.

हा रोग महाराष्ट्राला नवा नाहीं. १९१८ सालच्या जून महिन्यांत तो मुंबई बंदरांत उतरला. गोदीवर पहारा करणारे पोलीस शिपाई प्रथम आजारी पडले आणि पाहतां पाहतां शहरांत घरोघर अंथरुणें पडलीं. ही पहिली लाट त्या मानानें सौम्य होती. सप्टेंबरांत दुसरी आली, ती मात्र प्राणघातक ठरली. ६ ऑक्टोबर या एका दिवशीं मुंबईंत ७६८ मृत्यूंची नोंद झाली. आगगाडीच्या मार्गांनीं साथ गांवोगांव पोंचली. आपल्याकडील लोकांनीं तिला 'मानमोडी' असें नांव दिलें, आणि ज्यानें या तापांत दुखणारी मान व पाठ एकदां अनुभविली आहे, त्याला तें नांव समजावून सांगावें लागत नाहीं. सबंध हिंदुस्थानांत मिळून एक कोटीहून अधिक माणसें त्या साथींत दगावलीं. रोगाचें खरें कारण त्या वेळीं कोणालाच ठाऊक नव्हतें. फायफर या जर्मन शास्त्रज्ञानें १८९२ सालीं दाखविलेल्या एका जंतूवर आळ घेतला जात असे. माणसांतील इन्फ्लुएंझाचा विषाणू वेगळा काढण्यांत यश आलें तें १९३३ सालीं, लंडन येथील स्मिथ, अँड्र्यूज व लेडलॉ या तिघांना. त्यांनीं आजारी माणसाच्या घशांतील पाण्यानें फेरेट नांवाच्या लहान प्राण्यांत तो रोग उत्पन्न करून दाखविला.

ही झाली शंभर वर्षांपूर्वींची हकीकत. परंतु २००९ सालचें पुणें पुष्कळ पालकांनीं स्वतः पाहिलें आहे. त्या वर्षीं इन्फ्लुएंझाचा एक नवा प्रकार जगभर पसरला व लोक त्यास 'स्वाइन फ्लू' म्हणूं लागले. ३ ऑगस्ट २००९ रोजीं पुण्यांत एक १४ वर्षांची शाळकरी मुलगी त्या रोगानें मरण पावली. भारतांतील तो पहिला मृत्यु. शहरांतील शाळा बंद झाल्या आणि नायडू रुग्णालयापुढें तपासणीसाठीं रांगा लागल्या. पुढें ती घबराट ओसरली, पण विषाणू गेला नाहीं. तो आज नेहमींच्या हंगामी इन्फ्लुएंझांपैकीं एक होऊन राहिला आहे. बहुतेक मुलें त्यांतून आठवड्याभरांत सुखरूप बाहेर पडतात, हें प्रथमच सांगून ठेवतों. भीति घालण्याचा आमचा हेतु नाहीं. परंतु जीं थोडीं मुलें सुखरूप बाहेर पडत नाहींत, त्यांच्या बाबतींत एका दिवसाचाहि उशीर महाग पडतो, म्हणून हा प्रपंच.

आतां ओळखण्याकडे वळूं. पडसें आणि इन्फ्लुएंझा यांतील पहिला व सर्वांत उपयोगी भेद लक्षणांच्या यादींत सांपडत नाहीं, तो त्यांच्या येण्याच्या रीतींत सांपडतो. पडसें पायऱ्या चढत येतें. आज घसा खवखवतो, उद्यां नाक वाहतें, परवां थोडी कणकण वाटते. आणि या सर्व काळांत मूल अंगणांत खेळत असतें, जेवणावर त्याचें फारसें अडत नाहीं. इन्फ्लुएंझा एकदम अंगावर कोसळतो. दुपारीं डबा खाऊन मधल्या सुट्टींत धांवणारा मुलगा शेवटच्या तासाला बाकावर डोकें टेकून बसतो, आणि संध्याकाळीं घरीं त्याला १०२ किंवा १०३ अंश ताप असतो. मोठ्या मुलांना विचारलें तर तीं वेळ सांगूं शकतात : 'गणिताच्या तासापर्यंत मी बरा होतों.' ज्या आजाराला अशी घटका सांगतां येते, तो साधें पडसें असण्याचा संभव थोडा. थंडी वाजते, डोकें ठणकतें, अंग मोडून येतें, पाठ व पाय दुखतात, डोळे हलवितांना दुखतात, उजेड नकोसा होतो. खोकला कोरडा असतो व पहिल्याच दिवशीं किंवा दुसऱ्या दिवशीं सुरू होतो. नाक वाहतें, पण थोडें. नाक हा या आजाराचा मुख्य विषयच नव्हे. आणि सर्वांत ठळक गोष्ट म्हणजे मुलाचा उत्साह पार मावळतो. ज्याला अंथरुणांत ठेवण्यासाठीं रोज ओरडावें लागतें, तो आपण होऊन अंथरूण धरतो.

हें झालें शाळेंत जाणाऱ्या मुलाचें. त्याचें धाकटें भावंड यांपैकीं कांहींच सांगूं शकत नाहीं. दोन-तीन वर्षांच्या मुलाला 'अंग दुखतें' हें वाक्य ठाऊक नसतें. तें कडेवरून उतरत नाहीं, उचललें तरी रडतें आणि खालीं ठेवलें तरी रडतें. तान्ह्या बाळांत तर कित्येकदां ताप आणि दूध न ओढणें, एवढींच दोन चिन्हें असतात. लहान मुलांत आणखी एक गोष्ट घडते, ती पालकांना फार चकविते. मोठ्या माणसांना इन्फ्लुएंझांत उलट्या व जुलाब क्वचितच होतात; मुलांना त्या मानानें अधिक होतात. उलटी झाली, कीं घरांतील सर्वांचें लक्ष पोटाकडे जातें. काल शाळेबाहेर काय खाल्लें, वाढदिवसाचा केक शिळा होता काय, अशी चौकशी सुरू होते. कोणी ओवा देतें, कोणी मीठमोहऱ्या ओवाळून दृष्ट काढतें. दृष्ट काढल्यानें मुलाचें कांहीं बिघडत नाहीं, पण तिच्या समाधानांत तापाची नोंद राहून जाते, ती राहूं नये. उलटीबरोबर मोठा ताप, खोकला आणि अंगदुखी असेल, तर दोष पोटाचा नसून इन्फ्लुएंझाचा असण्याचा संभव पुष्कळ आहे. आणखी एक पुरावा घरांतच मिळतो. हा रोग शरीरांत शिरल्यापासून एक ते चार दिवसांत, बहुधा दुसऱ्या दिवशीं, प्रगट होतो. घरांत कोणी किंवा वर्गांत शेजारीं बसणारा कोणी दोन दिवसांपूर्वीं असाच पडला होता काय, हें विचारावें.

तरीहि प्रत्येक मोठा ताप म्हणजे इन्फ्लुएंझा नव्हे, आणि आपल्याकडे साथीचे ताप एकाच ऋतूंत हातांत हात घालून येतात. इन्फ्लुएंझाचा आपल्या देशांतील एक हंगाम जानेवारी ते मार्च आणि दुसरा पावसाळ्याचा. हा दुसरा हंगाम डासांचाहि असतो. डेंग्यूंतहि ताप एकदम चढतो, डोळ्यांच्या मागें व सांध्यांत दुखतें. परंतु त्यांत खोकला व पडसें बहुधा नसतें, पुढें अंगावर पुरळ दिसूं शकतें, आणि धोक्याचा काळ ताप उतरूं लागतो तेव्हां सुरू होतो. त्या वेळीं पोटांत फार दुखणें, उलट्या न थांबणें किंवा हिरड्यांतून रक्त येणें हीं चिन्हें दिसल्यास क्षणभरहि थांबूं नये. हिवतापांत थंडी, ताप व घाम यांचें आवर्तन असतें. विषमज्वर दिवसागणिक चढत जातो. गोवर तापानें व खोकल्यानेंच सुरू होतो, पण डोळे लाल होतात आणि तीन-चार दिवसांनीं कानांमागून व चेहऱ्यावरून पुरळ उतरूं लागतें. राहिला कोविड. तो व इन्फ्लुएंझा यांत केवळ पाहून भेद करणें डॉक्टरांनाहि शक्य नसतें. त्याला नाकांतील स्रावाची तपासणीच लागते. म्हणून पालकांनीं आजाराला बिनचूक नांव देतां आलें नाहीं याचें वाईट वाटून घेऊं नये. 'हें पडसें नव्हे, याहून मोठें कांहीं आहे' इतकें वेळेवर कळलें, कीं पालकांच्या वाटणीचें ओळखण्याचें काम बहुतांशीं झालें.

बहुतांशीं म्हटलें, कारण दुसरा भाग उरतो आणि आमच्या मतें तोच अधिक महत्त्वाचा आहे. घरांत ताप आला, कीं सर्वांच्या नजरा तापमापकावर खिळतात. १०१ झाला, १०३ झाला, औषध दिलें, १०० झाला, आणि आंकडा उतरला म्हणजे सर्वांना हायसें वाटतें. तापमापक घरांत असावा व वापरावाहि. पण तो मुलाची अर्धीच हकीकत सांगतो. १०३ अंश ताप असलेलें मूल औषधानंतर तासाभरानें उठून पाणी मागत असेल, गोष्ट ऐकत असेल, तर तें बऱ्या वाटेवर आहे. १०० अंश ताप असलेलें मूल जर धापा टाकीत असेल, हांक मारली तरी नीट डोळे उघडीत नसेल, तर तें संकटांत आहे. आंकड्यापेक्षां मुलाकडे पाहावें. आणि मुलाकडे पाहतांना सर्वांत आधीं त्याच्या छातीकडे पाहावें.

श्वास मोजणें ही विद्या प्रत्येक घरांत असली पाहिजे. तिला घड्याळापलीकडे कांहीं लागत नाहीं. मूल झोंपलेलें किंवा शांत असावें. रडतांना किंवा दूध पितांना मोजूं नये, आणि ताप फार चढलेला असल्यास तो उतरल्यावर पुन्हां मोजावें. सदरा वर करून छाती व पोट उघडें ठेवावें आणि पोट एकदां वर आलें कीं एक, असें पूर्ण एक मिनिट मोजावें. पंधरा सेकंद मोजून चौपट करण्याचा आळस येथें चालत नाहीं, कारण लहान मुलांचा श्वास सारखा नसतो, मध्येंच थबकतो व मध्येंच धांवतो. जागतिक आरोग्य संघटनेनें दिलेल्या मर्यादा अशा आहेत : दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पांच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, तर श्वास जलद समजावा व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जावें. संख्येबरोबर श्वासाची रीतहि पाहावी. श्वास घेतांना बरगड्यांच्या खालचा भाग आंत ओढला जातो काय? आपल्याकडे बायका 'बाळाचें पोट उडतें' असें म्हणतात, तें हेंच. आणि त्या म्हणण्याकडे घरांतील पुरुषांनीं दुर्लक्ष करूं नये, कारण तें निरीक्षण शास्त्राला धरून आहे. नाकपुड्या फुलतात काय, कण्हल्यासारखा आवाज येतो काय, ओठ निळसर दिसतात काय? यांपैकीं एकहि दिसल्यास रात्र असो, पाऊस असो, सकाळची वाट पाहूं नये. कोरोनाच्या दिवसांत पुष्कळांनीं बोटाला लावावयाचें प्राणवायु मोजण्याचें यंत्र घेतलें. तें मोठ्या मुलांसाठीं उपयोगी आहे. पण लहानग्यांच्या हलत्या, थंड बोटावर तें चुकीचाहि आंकडा दाखवितें. यंत्र ठीक म्हणतें आणि पोट उडतें, तर पोटावर विश्वास ठेवावा.

श्वासाच्या खालोखाल पाणी. आठ तासांत लघवी झाली नाहीं, तोंड व जीभ कोरडी पडली, रडतांना डोळ्यांत आसवें आलीं नाहींत, तर शरीरांतील पाणी आटत चाललें आहे. मग शुद्धि. तापांत मूल झोंपाळू असणें साहजिक आहे. परंतु जागें असतांनाहि तें ओळख देत नसेल, असंबद्ध बोलत असेल किंवा मान ताठ झाली असेल, तर तें साहजिक नव्हे. तीन महिन्यांच्या आंतील बाळाला १००.४ किंवा अधिक ताप आला, तर दुसरें कोणतेंहि लक्षण नसलें तरी त्याला दाखविलेंच पाहिजे. सहा महिने ते पांच वर्षांच्या मुलांना तापांत कधीं झटके येतात. तें दृश्य पाहून आईबापांचें काळीज फाटतें, हें आम्ही जाणतों. तरी मुलाला कुशीवर निजवावें, तोंडांत चमचा किंवा बोट घालूं नये, पाणी पाजूं नये, कांदा हुंगवीत बसूं नये. झटका किती वेळ राहिला तें घड्याळांत पाहावें आणि डॉक्टरांकडे न्यावें.

घरचा उपचार साधा आहे. विश्रांति, पाणी, पातळ पेज, वरणाचें पाणी, मऊ भात. अंगावर पिणाऱ्या बाळाला पुन्हां पुन्हां दूध. तापांत लंघन करविण्याची जुनी चाल मुलांना मानवत नाहीं. तसेंच थंडी वाजते म्हणून दोन गोधड्यांखालीं दडपून ठेवणेंहि बरें नव्हे. थंडी थांबली, कीं अंगावर हलकें पांघरूण पुरे. तापासाठीं पॅरासिटामॉल चालतें, पण तें वयावरून नव्हे, वजनावरून द्यावयाचें असतें. एका वेळीं दर किलो वजनास १० ते १५ मिलिग्रॅम, म्हणजे २० किलोच्या मुलाला २०० ते ३०० मिलिग्रॅम. दोन मात्रांत चार ते सहा तासांचें अंतर, आणि दिवसांतून चारपेक्षां अधिक मात्रा नाहींत. येथें एक खांचखळगा आहे. दुकानांत मिळणाऱ्या पातळ औषधांच्या कांहीं बाटल्यांत दर ५ मिलिलिटरला १२० किंवा १२५ मिलिग्रॅम असतें, तर कांहींत २५०. मोठ्या मुलाची बाटली धाकट्यासाठीं उघडली आणि चमचा तोच राहिला, तर मात्रा दुप्पट होते. बाटलीवरील आंकडा वाचल्याशिवाय झांकण उघडूं नये. ॲस्पिरिन मुलांना मुळींच देऊं नये. इन्फ्लुएंझांत तें दिल्यास क्वचित् मेंदू व यकृत यांवर घाला घालणारा 'राय' नांवाचा विकार उद्भवतो. ऑस्ट्रेलियांतील डॉक्टर राय यांनीं तो १९६३ सालीं वर्णन केला. निमेसुलाइड हें तापाचें औषध १२ वर्षांखालील मुलांना देण्यास भारत सरकारनें २०११ सालीं बंदी केली आहे. तें घरांत मोठ्यांसाठीं आणलेलें असलें, तर मुलांपासून दूर ठेवावें. आणि गेल्या खेपेची उरलेली अँटिबायोटिकची पट्टी पुन्हां काढूं नये. तीं औषधें जंतूंवर चालतात, विषाणूवर नाहीं.

दोन वर्षांच्या आंतील मुलें, तसेंच ज्यांना दमा, हृदयविकार, मधुमेह, मूत्रपिंडाचा विकार किंवा झटक्यांचा आजार आहे अशीं मुलें, यांच्या बाबतींत वरील चिन्हांची वाट पाहूं नये. अंगावर कोसळलेला ताप व खोकला एवढ्यावरच त्यांना डॉक्टरांकडे न्यावें. इन्फ्लुएंझावर ओसेल्टामिविर नांवाचें औषध आहे. तें पहिल्या ४८ तासांत सुरू झालें तर त्याचा गुण अधिक येतो. दोन दिवस 'पाहूं' म्हणण्यांत नेमका हाच काळ निघून जातो. मात्र तें डॉक्टरांनीं दिल्याशिवाय घेऊं नये.

आतां ज्या चिन्हासाठीं आम्हीं मुख्यतः लेखणी उचलली, तें सांगतों. इन्फ्लुएंझाचा ताप तीन ते पांच दिवस राहतो व उतरतो. मूल उठून बसतें, खावयास मागतें, घरांतील वातावरण निवळतें, आई कामावर जाऊं लागते. अशा वेळीं एक-दोन दिवसांनीं ताप पुन्हां चढला आणि खोकला वाढला, तर तो पूर्वींचाच ताप रेंगाळला आहे असें समजूं नये. विषाणूनें श्वासमार्गाचें अस्तर खरवडून ठेवलेलें असतें, आणि त्या उघड्या जागेंतून दुसरे जंतू फुप्फुसांत शिरतात. परतलेला ताप हा पुष्कळदां त्यांनीं उत्पन्न केलेल्या न्यूमोनियाचा असतो. १९१८ सालीं मेलेल्या माणसांच्या जपून ठेवलेल्या फुप्फुसांची पुढें तपासणी झाली तेव्हां असें आढळून आलें, कीं त्यांतील बहुतेक मृत्यूंत या दुसऱ्या जंतूंच्या न्यूमोनियाचा हात होता. त्या काळीं त्यावर औषध नव्हतें; आज आहे. ज्या अँटिबायोटिकला पहिल्या दिवशीं काम नव्हतें, तें येथें प्राण वाचवितें, परंतु मूल दवाखान्यांत पोंचलें तरच. दुर्दैवानें घरांतील जागरूकता याच वेळीं सर्वांत शिथिल असते. रजा संपलेली असते, डॉक्टरांचे पैसे एकदां देऊन झालेले असतात, परीक्षा तोंडावर आलेली असते. म्हणून ताप उतरल्यावरहि आणखी तीन-चार दिवस सकाळ-संध्याकाळ तापमापक लावावा आणि निजलेल्या मुलाचे श्वास मोजावे.

यावरून शाळेचा विषय निघतो व त्यावर आम्हांस चार शब्द स्पष्ट बोलणें भाग आहे. कित्येक पालक सकाळीं तापाचें औषध देऊन मुलाला शाळेंत पाठवितात. दुसऱ्या तासापर्यंत तें बरें असतें. औषधाचा अंमल उतरला, कीं चौथ्या तासाला पुन्हां फणफणतें. हा रोग लक्षणें दिसण्याच्या एक दिवस आधींपासून पुढें पांच ते सात दिवस, आणि लहान मुलांत त्याहूनहि अधिक दिवस, दुसऱ्यास लागूं शकतो. चाळीस मुलांच्या वर्गांत असें एक मूल काय करूं शकतें, याचा हिशेब सातवींतला विद्यार्थीहि करील. पूर्ण हजेरीचें बक्षीस कोणत्याहि शाळेंत असो, तें तापानें फणफणलेल्या मुलानें मिळविण्याजोगें नव्हे. औषध न देतां पूर्ण २४ तास ताप नसेल, तेव्हांच मुलाला पाठवावें.

इन्फ्लुएंझाची लस आहे, आणि ती सहा महिन्यांवरील मुलांना देतां येते. विषाणू आपलें रूप बदलीत असल्यामुळें ती दरवर्षीं घ्यावी लागते. नऊ वर्षांखालील मुलाला प्रथमच देतांना चार आठवड्यांच्या अंतरानें दोन वेळां द्यावी लागते. सहा महिने ते पांच वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना ती द्यावी, अशी भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस आहे. तिनें प्रत्येक ताप टळतो असें नाहीं, पण आजार गंभीर होण्याचा संभव कमी होतो. पावसाळ्यापूर्वीं घेणें सोयीचें.

विद्यार्थ्यांनो, तुम्हांसहि एक काम आहे. वर्गांत बरें वाटेनासें झालें, तर शेवटच्या घंटेपर्यंत दम धरून बसूं नका. शिक्षकांना सांगा, आणि कितव्या तासाला, कितीच्या सुमारास असें वाटूं लागलें तें लक्षांत ठेवा. घरीं धाकटें भावंड आजारी असेल, तर एक कागद घ्या व त्यावर वेळ, ताप, दिलेलें औषध व त्याची मात्रा, लघवी केव्हां झाली, मिनिटाचे श्वास, असें लिहून ठेवा. आई रात्रभर जागलेली असते, तिच्या सर्व लक्षांत राहतेंच असें नाहीं. डॉक्टरांपुढें तो कागद ठेवला, म्हणजे त्यांच्या कामाला वेग येतो. खोकतांना तोंडावर हाताचा कोपर धरा. हात साबणानें धुवा.

बरें होतां होतां कधीं एक चमत्कारिक प्रकार घडतो, तो सांगून ठेवावयास हवा. ताप उतरल्यावर एखाद्या सकाळीं मूल अंथरुणांतून उठतें आणि त्याला पाय टेकवत नाहींत. दोन्ही पोटऱ्या दुखतात, चवड्यांवर किंवा पाय फांकून चालतें, नाहीं तर चालण्यास साफ नकार देतें. शाळकरी वयाच्या मुलांत, त्यांतहि मुलींपेक्षां मुलग्यांत, हें अधिक आढळतें. पाय गेले कीं काय, या शंकेनें घर हवालदिल होतें. विषाणूमुळें स्नायूंना आलेली ही सूज असते, आणि ती बहुधा तीन दिवसांपासून आठवड्याच्या आंत आपोआप ओसरते. तरी मुलाला एकदां डॉक्टरांस दाखवावें; आणि लघवी चहासारखी काळसर झाली किंवा पायांतील शक्तीच कमी वाटूं लागली, तर त्याच दिवशीं न्यावें. खोकला व थकवा दोन आठवडे रेंगाळतो, यांत नवल नाहीं. कवायतीच्या तासाला अशा मुलास आठवडाभर झाडाखालीं बसूं द्यावें, असें आम्हीं आमच्या कवायतीच्या शिक्षकांसहि सांगून ठेवलें आहे.